२१४७४८३६४७ : या आकड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झालं असं की आमच्या सोसायटीत (ठाणे पश्चिम, स्टेशनपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर) कमिटीनं नवीन ॲप घेतलं, मेंबरांची यादी त्यात चढवली, आणि बघतो तर काय, जवळपास प्रत्येकाच्या नावापुढे मोबाईल नंबर एकच : २१४७४८३६४७. वॉचमननं तीन दिवस तो लावून बघितला. ग्रुपवर आरडाओरडा चालू असताना मी मधेच लिहून बसलो की चूक आहे हो, पण आकडा फार भारी आहे, मूळसंख्या आहे ती. झालं. तेव्हापासून लिफ्टमधे, ठाणे-वाशी लोकलमधे, हळदीकुंकवाला बायकोकरवी, सगळीकडून प्रश्न, आणि तेच तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कृपया मेसेज करायच्या आधी इथे बघा.

(लिहिण्याची पद्धत : २^३१ म्हणजे २ चा ३१ वा घात, म्हणजे २ स्वतःशीच ३१ वेळा मांडून केलेला गुणाकार. टोपीचं चिन्ह दिसलं की घात समजा.)

१. आधी हा आकडा वाचायचा कसा ते सांगा, मोबाईल नंबरसारखाच दिसतो.

२,१४,७४,८३,६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. दहा आकडी असल्यामुळे मोबाईल नंबर वाटतो पण आपल्याकडे मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं चालू होतो, २ नं नाही, त्यामुळे तेव्हाच शंका यायला हवी होती. गणितात तो लिहायचा सोपा मार्ग म्हणजे २^३१ − १. बायनरीत (फक्त ० आणि १ वापरून) लिहिलात तर ओळीनं एकतीस वेळा १, मधे एकही शून्य नाही.

२. मूळसंख्या म्हणजे नक्की काय? आणि १ ला का घेत नाहीत, मुलगा विचारतोय.

जिला फक्त १ नं आणि स्वतःनं पूर्ण भाग जातो ती मूळसंख्या. २, ३, ५, ७, ११, १३ अशा. बाकीच्या संयुक्त, म्हणजे छोट्या संख्यांच्या गुणाकारानं बनलेल्या. १ ला घेत नाहीत कारण मग कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हा सगळ्यात कामाचा नियम मोडतो. १२ = २ × २ × ३ एवढंच उत्तर असायला हवं, १ ला घेतलं तर १ × २ × २ × ३, १ × १ × २ × २ × ३ असं मारुतीच्या शेपटासारखं लांबवत बसा. मुलाला सांगा की १ ना मूळ ना संयुक्त, परीक्षेत हमखास येतं.

३. पण हा आकडा आमच्या सगळ्यांच्या नावापुढे आला कसा? हॅक झालं का?

हॅक वगैरे काही नाही. ॲप बनवणाऱ्यानं फोन नंबरचा कॉलम "इंट" ठेवला, म्हणजे ३२ बिटांचा पूर्णांक (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा). त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरले ३१, आणि ३१ बिटात मावणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे सगळे बिट १, म्हणजेच आपला आकडा. आपले मोबाईल नंबर सहा अब्जाच्या पुढेच चालू होतात, ते यात मावत नाहीत. अशा वेळी काही डेटाबेस सरळ एरर देतात, पण मायएसक्यूएलमधे स्ट्रिक्ट मोड बंद असेल तर तो गुपचूप मावेल तेवढी कमाल किंमत भरतो आणि एक वॉर्निंग टाकून गप्प बसतो, ती वॉर्निंग वाचतं कोण.

गंमत बघा, आमच्या मजल्यावरच्या काकांचा लँडलाईन वाचला कारण त्यांनी कोड न लावता आठच आकडे दिले होते. दुसऱ्या विंगमधल्यांनी ०२२ लावून दिला, पुढचा शून्य गळाला, २२ नं सुरू होणारा दहा आकडी नंबर उरला, आणि २२... हे २१४... पेक्षा मोठं, त्यामुळे तोही कापला गेला.

४. लिमिट म्हणून हाच आकडा का घेतला, मूळसंख्या आहे म्हणूनच ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे, इंजिनियर लोकांमधे पण. लिमिट आली बिटांमुळे, आणि ती मूळसंख्या निघाली हा निव्वळ योगायोग. पडताळा हवा तर शेजारच्या लिमिट बघा. १६ बिटांची लिमिट ३२७६७, तिचे अवयव ७ × ३१ × १५१. ६४ बिटांची २^६३ − १, तिला ७ नं दोनदा भाग जातो. ८ बिटांची १२७ मात्र मूळ आहे. कॉम्प्युटरला या सगळ्याचं काही देणंघेणं नाही. गणितवाल्यांना हा आकडा कॉम्प्युटर यायच्या पावणेदोनशे वर्षं आधीपासून माहिती होता, बघा प्रश्न ५.

५. ही मूळसंख्या आहे हे पहिल्यांदा कोणी सिद्ध केलं?

लिओनार्ड ऑयलर, १७७२. स्विस माणूस, पण तेव्हा रशियात सेंट पीटर्सबर्गला, आणि डोळ्यांनी जवळपास काहीच दिसत नव्हतं. आपल्याकडे तेव्हा थोरले माधवराव पेशवे, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. त्याआधीची विक्रमी मूळसंख्या ६७००४१७ होती, तीही ऑयलरचीच, २^३२ + १ ला ६४१ नं भाग जातो हे त्यानं १७३२ मधे दाखवलं त्यातून निघालेली.

पुढे १८६७ पर्यंत, म्हणजे ९५ वर्षं, हीच जगातली सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळसंख्या मानली जायची. १८११ मधे पीटर बार्लो नावाच्या इंग्रज गणितज्ञानं तर लिहून ठेवलं की हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून (प्रश्न ११) मोठी परिपूर्ण संख्या बहुधा कोणी शोधणारच नाही कारण या गोष्टींचा उपयोग काही नाही, नुसती हौस. माणसं हौसेखातर काय काय करतात हे त्यानं डोंबिवली फास्टमधे चौथ्या सीटवर बसून बघितलं असतं तर असं लिहिलं नसतं.

६. कॅल्क्युलेटर नसताना त्यानं तपासलं कसं? एवढे भागाकार हातानं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, त्यामुळे उत्तर लांब आहे.

सरळ मार्ग असा की वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळसंख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळापुढे जायची गरज नाही कारण एक अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असेल तर त्याचा जोडीदार लहान असणारच आणि तो आधीच सापडला असता. आपल्या आकड्याचं वर्गमूळ ४६३४० आणि वर थोडं. तिथपर्यंत मूळसंख्या साडेचार हजारांच्या वर आहेत. रोज दहा भागाकार केले तरी सव्वा वर्ष.

ऑयलरनं चाळणी लावली. समजा क्यू ही मूळसंख्या २^३१ − १ ला पूर्ण भागते. म्हणजे २ चे घात करत गेलं आणि प्रत्येक वेळी क्यू नं भागून फक्त बाकी बघितली तर ३१ व्या पायरीला बाकी १ येते आणि चक्र परत पहिल्यापासून चालू होतं. एकतीस स्टेशनांची गोल लाईन समजा. ३१ स्वतः मूळ असल्यामुळे याहून छोटं चक्र शक्य नाही. आता फर्माचा नियम सांगतो की क्यू − १ पायऱ्यांनंतरही बाकी १ च यायला हवी, म्हणजे क्यू − १ मधे हे ३१ चं चक्र पूर्ण पूर्ण वेळा बसलं पाहिजे. म्हणून क्यू − १ ला ३१ नं भाग जातो, आणि क्यू विषम म्हणून २ नं पण जातो. थोडक्यात क्यू ला ६२ नं भागलं तर बाकी १ च हवी. शिवाय आणखी एक अट अशी की क्यू ला ८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ७ च येऊ शकते. दोन्ही अटी एकत्र केल्या की क्यू ला २४८ नं भागल्यावर बाकी १ किंवा ६३, दुसरं काही नाही.

आता यादी करा : ६३, २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३... ४६३४० पर्यंत अशा पावणेचारशेच्या आत संख्या आहेत, आणि त्यातल्याही बहुतेक संयुक्त. ६३ बाद, २४९ ला ३ नं भाग, ३११ मूळ, मग ४९७ म्हणजे ७ × ७१, ५५९ म्हणजे १३ × ४३, असं करत थेट १३०३ पर्यंत एकही मूळ नाही. शेवटी ऐंशीच्या आसपास खरे भागाकार उरतात. साडेचार हजारांवरून ऐंशी!

पहिला मी घणसोलीहून ठाण्याला येताना डब्याच्या पिशवीच्या मागच्या बाजूला केला : २१४७४८३६४७ भागिले ३११. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. ऐरोलीला चालू केला, दिघा गाव येईपर्यंत झाला, एका काकांनी मधे डोकावून एक वजाबाकी दुरुस्त केली. बाकी शून्य नाही, म्हणजे ३११ बाद. असे ऐंशी. महिनाभराचा प्रवास म्हणा.

७. याहून सोपी टेस्ट आहे म्हणे, जी घरी मुलांकडून करून घेता येते?

आहे, लुका-लेहमर टेस्ट. फक्त २^(मूळसंख्या) − १ अशा संख्यांना चालते (घात २ पेक्षा मोठा हवा), बाकीच्यांना नाही, हे लक्षात ठेवा. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी ठेवा. परत तेच. घातापेक्षा दोन कमी एवढ्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर मूळ, नाही आली तर संयुक्त.

२^५ − १ = ३१ वर करून बघू. घात ५, म्हणजे ३ पायऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. मग १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, त्याला ३१ नं भागून बाकी ८. मग ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, आणि ६२ ला ३१ नं भागून बाकी शून्य. आली! १२७ साठी ५ पायऱ्या लागतात : ४, १४, ६७, ४२, १११, ०. आपल्या आकड्याला २९ पायऱ्या, पण त्यात दहा आकडी संख्यांचे वर्ग करावे लागतात, मे महिन्याच्या सुट्टीत पोरांना बिझी ठेवायला उत्तम. जगातल्या अवाढव्य मूळसंख्या (प्रश्न १५) मूळ आहेत हे शेवटी पक्कं करायला हीच टेस्ट लावतात.

८. म्हणजे २ चा कुठलाही मूळसंख्या घात घेऊन १ वजा केला की मूळसंख्या तयार? मग शोधायचं काय त्यात?

तिथेच गोची आहे. घात मूळ असावाच लागतो, पण तेवढं पुरत नाही. घात संयुक्त असेल तर खेळ लगेच खलास, उदाहरणार्थ २^४ − १ = १५. पण घात ११ घेतला, ११ तर मूळ, तरी २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. (प्रश्न ६ ची चाळणी लावून बघा : २३ आणि ८९ दोघांनाही ११ नं भागून बाकी १ च येते. काम करते ती.)

या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात, मारॅं मर्सेन या फ्रेंच पाद्र्यावरून. त्यानं १६४४ मधे २५७ पर्यंतच्या घातांची यादी दिली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यात ६७ आणि २५७ चुकले, आणि ६१, ८९, १०७ राहिले. तरी नाव त्याचंच लागलं. ६७ च्या संख्येचे अवयव १९०३ मधे फ्रँक कोल या अमेरिकन माणसानं दाखवले, भर सभेत तोंडातून एक शब्द न काढता फळ्यावर १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला आणि उत्तर २^६७ − १ आलं. आपला ३१ मात्र मर्सेनच्या यादीत बरोबर होता, क्रमानं आठवा.

९. याच्या शेजारी मूळसंख्या आहेत का? जोडमूळ संख्या आहे का ही?

जोडमूळ नाही. दोन मागे गेलात तर २१४७४८३६४५, शेवटी ५. दोन पुढे गेलात तर २१४७४८३६४९, आकड्यांची बेरीज ४८, म्हणजे ३ नं भाग. मागची मूळसंख्या २१४७४८३६२९, पुढची २१४७४८३६५९. म्हणजे मागे १८ चं अंतर, पुढे १२ चं. या भागात सरासरी दर एकवीस-बावीस संख्यांमागे एक मूळसंख्या येते, त्यामुळे शेजार तसा दाटच म्हणायचा. २ पासून मोजत आलात तर हिचा नंबर १०,५०,९७,५६५ वा लागतो.

१०. दुप्पट करून १ मिळवला तर पुन्हा मूळसंख्या येते का? ३ चे ७, ५ चे ११ होतात तसं.

नाही येत, पण जे येतं ते बघण्यासारखं आहे. ४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. प्रत्येक अवयव २ च्या घातापेक्षा एकानं मोठा, आणि पाचही मूळसंख्या. हा ३२ बिटांचा चिन्ह नसलेला कमाल आकडा, त्यामुळे ॲपवाल्यानं कॉलम "अनसाइन्ड" ठेवला असता तर आपल्या सगळ्यांचा मोबाईल नंबर हा झाला असता. मोबाईल नंबर यातही मावत नाहीत.

११. परिपूर्ण संख्येशी याचा काय संबंध?

परिपूर्ण म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच. ६ = १ + २ + ३. २८ = १ + २ + ४ + ७ + १४. प्रत्येक मर्सेन मूळसंख्येमागे एक परिपूर्ण संख्या मिळते, हे युक्लिडलाच माहीत होतं : २ × ३ = ६, ४ × ७ = २८, १६ × ३१ = ४९६. आपल्या आकड्याला २^३० नं गुणा, येतात २३०५८४३००८१३९९५२१२८, ही आठवी परिपूर्ण संख्या. सगळ्या सम परिपूर्ण संख्या अशाच बनतात हे परत ऑयलरनंच सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कोणी सिद्ध केलेलं नाही.

१२. ही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते का? १३ = ४ + ९ सारखी.

नाही. कुठल्याही वर्गाला ४ नं भागलं तर बाकी ० किंवा १. दोन वर्गांची बाकी ०, १ किंवा २ होईल, ३ कधीच नाही, आणि आपल्या आकड्याची बाकी ३. तीन वर्ग घेतले तरी जमत नाही, तिथे ८ नं भागून बघा : वर्गाची बाकी ०, १ किंवा ४, आणि आपल्याला हवेत ७. चार वर्गात मात्र बसते, कारण कुठलीही संख्या चार वर्गात बसतेच, हे लाग्रांजनं १७७० मधे दाखवलंय. म्हणजे त्या बाबतीत ही सगळ्यात हट्टी जातीची.

१३. पार्किंगच्या लॉटरीला हा आकडा वापरतात असं कमिटीतले एक जण म्हणाले. खरं?

कमिटीनं गेल्या वेळी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या, तेव्हा तसं काही नाही. पण मुद्दा बरोबर आहे. १९८८ मधे पार्क आणि मिलर या दोघांनी सुचवलेली रॅंडम आकड्यांची एक पद्धत याच मूळसंख्येवर चालते : कुठलाही आकडा घ्या, १६८०७ नं गुणा, २१४७४८३६४७ नं भागून बाकी ठेवा, परत तेच. १ पासून सुरू केलं तर १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३. १ ते २१४७४८३६४६ मधला प्रत्येक आकडा बरोबर एकदा येतो आणि मगच चक्र पूर्ण होतं. हे जमतं कारण भाजक मूळ आहे आणि १६८०७ हा ७ चा पाचवा घात आहे, आणि ७ नं गुणत गेलं तरी या मूळसंख्येवर असंच पूर्ण चक्र मिळतं. भाजक संयुक्त असता तर असं एकही आकडा न सोडणारं चक्र नुसत्या गुणाकारानं मिळालं नसतं.

लॉटरीला मात्र वापरू नका. एक आकडा कळला की पुढचे सगळे कोणीही काढू शकतं, आणि पार्किंगसाठी आपल्याकडे माणसं काय करतील सांगता येत नाही.

१४. पैशाच्या व्यवहारात पण हा घोळ होऊ शकतो का?

हो. रक्कम पैशात साठवली आणि कॉलम इंट असेल तर लिमिट २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे. रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सोसायटीचा कॉर्पस याहून मोठा असू शकतो, तेव्हा ट्रेझररनी जरा बघून घ्या. आधार नंबर पण बारा आकडी, तोही इंटमधे मावणार नाही. आणि सगळीकडे आकडा कापला जातो असं नाही, काही ठिकाणी गुंडाळला जातो : २१४७४८३६४७ मधे १ मिळवला की थेट −२१४७४८३६४८. जमा एकदम देणं होऊन बसते.

१५. मग सध्या जगातली सगळ्यात मोठी मूळसंख्या हीच का?

छे, हिला मागे पडून दीडशेच्या वर वर्षं झाली. १८७६ मधे लुकानं २^१२७ − १ हातानं सिद्ध केली, ३९ आकडी. हे लिहिताना सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळसंख्या आहे २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मधे ल्यूक ड्युरांट या अमेरिकन माणसाला सापडलेली, गिम्प्स नावाच्या प्रकल्पातून. हा प्रकल्प १९९६ पासून चालू आहे, जगभरातले लोक आपापले कॉम्प्युटर त्याला लावून ठेवतात, तुम्हीही लावू शकता, लाईटबिल वाढलं तर माझ्याकडे येऊ नका. त्या संख्येत ४,१०,२४,३२० आकडे आहेत. सेकंदाला एक आकडा वाचलात, न झोपता न जेवता, तर ४७५ दिवस लागतील. आपला दहा आकड्यांचा जीव त्यापुढे म्हणजे किस झाडकी पत्ती. पण "सगळ्यात मोठी मूळसंख्या" अशी काही नसतेच, मूळसंख्या अनंत आहेत, मोठी म्हणजे फक्त आपल्याला माहीत असलेल्यात मोठी.

१६. व्हॉट्सॲप, बँक वगैरे मूळसंख्यांवर चालतात म्हणे. मग या आकड्याचा पासवर्डला उपयोग?

या आकड्याचा नाही. आरएसए नावाच्या, संदेश गुप्त ठेवायच्या पद्धतीत दोन गुप्त मूळसंख्या लागतात, प्रत्येकी तीनशेच्या वर आकड्यांच्या. दहा आकडी संख्येचे अवयव तुमचा फोन डोळ्याची पापणी लवायच्या आत काढेल. आणि प्रश्न १५ मधल्या मोठ्या मर्सेन पण चालणार नाहीत, कारण त्या सगळ्या जगाला पाठ आहेत, सगळ्यांना माहीत असलेली किल्ली कसली.

व्हॉट्सॲपच्या एन्क्रिप्शनमधे वेगळ्या प्रकारे वापरतात, तिथे २^२५५ − १९ ही मूळसंख्या आहे आणि ती गुप्त ठेवायची गरजच नसते. आता प्रश्न ९ मधली आपली मागची शेजारीण बघा, २१४७४८३६२९. ती म्हणजे २^३१ − १९. हाही योगायोगच, पण मला आवडतो.

१७. २^३१ − १ मूळ, ३१ पण मूळ आणि ३१ = २^५ − १. मग २ चा २१४७४८३६४७ वा घात घेऊन १ वजा केला तर?

हा प्रश्न खारघरहून एका अकरावीतल्या मुलीनं पाठवला, आणि अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंय. ३ पासून सुरुवात केली तर ३, ७, १२७, २^१२७ − १, सगळ्या मूळ. ५ पासून केली तर ५, ३१, २१४७४८३६४७, आणि मग ती म्हणते ती संख्या. चौसष्ट कोटींच्या वर आकडे आहेत त्यात, प्रश्न १५ वाली संख्या तिच्यापुढे पोरगी. पण ती मूळ नाही. तिला २९५२५७५२६६२६०३१ नं पूर्ण भाग जातो. आणि हा भाजक प्रश्न ६ च्या चाळणीतूनच येतो : २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १. संख्या कधीच पूर्ण लिहायची नाही, फक्त बाक्या फिरवायच्या, तरी तिचा अवयव हातात. १३ पासूनची साखळीही तुटते, १३ मूळ, ८१९१ मूळ, पण २^८१९१ − १ संयुक्त.

१८. २०३८ मधे सगळे कॉम्प्युटर बंद पडणार का?

सगळे नाही. पुष्कळ सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठेवतात, आणि ज्या अजून ३२ बिटात मोजतात त्यांचा काटा १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी आपल्या आकड्यावर येईल. पुढच्या सेकंदाला त्यांना १९०१ चा डिसेंबर दिसेल. ऐन पीक अवर. नवीन सिस्टिम ६४ बिटांवर गेल्यात, भीती आहे ती जुन्या मशीनमधे बसवलेल्या चिप्सची. २०१४ मधे यूट्यूबवर एका कोरियन गाण्याचे व्ह्यूज याच आकड्याच्या पलीकडे गेले तेव्हा काउंटर ६४ बिटांचा करून घेतला होता.

१९. माझा पिनकोड मूळसंख्या आहे का?

ठाणे पूर्वेच्या ४००६०३ वाल्यांनो, नाही, ७ × १५१ × ३७९. शेवटी सम आकडा किंवा ५ असेल तर विचारूही नका. ४००६०१ चं उत्तर मुद्दाम देत नाही, वर्गमूळ ६३२ आणि वर थोडं, म्हणजे ६३१ पर्यंतच्या मूळसंख्यांनी भागायचं, एक रविवार पुरतो.

२०. कापरेकरांच्या ६१७४ सारखी काही जादू आहे का यात?

कापरेकर गुरुजी आपले, देवळालीच्या शाळेत शिकवायचे, त्यांचा अभिमान आहेच. पण जात वेगळी आहे. ६१७४ ची गंमत आकडे उलटसुलट मांडून वजाबाकी करण्यात आहे, म्हणजे ती आपण दहाच्या पायात लिहितो म्हणून. मूळ असणं हे लिहिण्यावर अवलंबून नाही, बायनरीत लिहा, रोमनमधे लिहा, तेवढ्या गोट्या मांडा, समान ओळी पडणार नाहीत. ६१७४ स्वतः संयुक्त आहे, २ × ९ × ३४३.

२१. ते सगळं ठीक आहे, पण जुन्या यादीतून आमचे खरे नंबर परत काढता येतील का? तुम्हाला गणित येतं म्हणून विचारतोय.

नाही येणार. आकडा गुंडाळला गेला असता (प्रश्न १४) तर काही आशा होती, कारण ४२९४९६७२९६ च्या पटी मिळवून दोन-तीन शक्यता उरल्या असत्या आणि त्यातून ओळखता आलं असतं. पण इथे कापला गेलाय, सगळ्यांचे वेगवेगळे नंबर एकाच आकड्यावर जाऊन बसलेत, त्यातून उलट कुठलीच वाट नाही. कॉलम आता टेक्स्ट करून घेतलाय. वॉचमनच्या केबिनमधे रजिस्टर ठेवलंय, शाईपेननं लिहा, ०२२ लावायचं असेल तर शून्यासकट लावा, आणि बी विंगमधल्या ज्या कोणी गंमत म्हणून तिथे २१४७४८३६४७ लिहून ठेवलंय त्यांनी कृपया ते खोडून खरा नंबर लिहा, पाण्याचा टँकर आला की तुम्हालाच फोन लागणार नाही.